स्वस्तातला चामडी चाबूक: सांधा लुळा, टोक जाड. काय काय बदलू?

भांडुपची_नवखी:
नमस्कार. मला चाबूक वाजवायला शिकायचंय. घोडा नाही, बैल नाही, हवेत तो कडाका काढता यावा एवढीच हौस. फार दिवसांची आहे. मुंबईत शिकवणारं कोणी सापडलं नाही म्हणून व्हिडिओ बघून सुरुवात केली आणि ऑनलाइन १,२०० रुपयांचा बुलव्हिप (आखूड मुठीचा, लांब वेणीचा चाबूक) मागवला. काळा, चार पेडी, ८ फुटी.

आता अडचणी. लाकडी मूठ जिथे संपते तिथे वेणी बिजागरीसारखी मोडते, त्यामुळे हाताचा झोका पुढे जातच नाही. फॉल (शेवटची एकेरी वादी) बोटभर रुंद आणि टोकापर्यंत तेवढाच जाड. क्रॅकर (टोकाचा दोऱ्याचा गोंडा) नाहीच, नुसती गाठ मारून दिली आहे. काळा रंग हाताला लागतो, वास उग्र आहे, आणि वेणी काही ठिकाणी कडक, काही ठिकाणी सैल. घरात सगळे म्हणतात खोबरेल चोळ, मऊ होईल. चोळू का? सध्या सोसायटीच्या गच्चीवर सराव करते. पाऊस तोंडावर आलाय. महागडा चाबूक घेणं आत्ता शक्य नाही, तेव्हा हाच सुधारायचा आहे.

अंकुश_लालबाग:
स्पष्ट सांगतो, चार पेडी चाबकावर मेहनत घेऊ नकोस. चांगल्या चाबकाला आठ, बारा, सोळा पेड असतात. ऑस्ट्रेलियात ते कांगारूच्या कातड्याचे करतात, कारण ते पातळ असूनही तुटत नाही. तसला आपल्याला परवडणार नाही. त्यापेक्षा नायलॉनच्या पॅराकॉर्डचा (पॅराशूटला असते तसली बारीक दोरी) विणून घे. माझा तसाच आहे. पावसात भिजला तरी चिंता नाही, तेल नाही, बुरशी नाही. आणि आठ फुटांपेक्षा सहा फुटी नवख्याला आवरायला सोपा.

साजवाला_काका:
ताई, चाबूक टाकू नका. अंकुशरावांचं नायलॉनबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, पावसाळ्यात सरावाला तो उत्तमच. पण हातात आहे त्या चाबकातूनही आवाज निघेल, आणि तो दुरुस्त करताना चाबूक चालतो कसा हे जेवढं कळेल तेवढं नवा विकत घेऊन कळणार नाही. माझ्या वडिलांचं भायखळ्याला घोड्यांच्या साजाचं काम होतं. पुढे २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या. मी आता धारावीत पट्टे आणि पाकिटं करतो, पण लगाम, चाबूक दुरुस्तीला आले की हातातलं काम बाजूला ठेवतो.

मूळ गोष्ट अशी. मुठीकडून शेंड्याकडे जाडी आणि वजन सारखं उतरत गेलं पाहिजे, मध्ये कुठेही तुटता कामा नये. तुमच्या चाबकात ते दोन ठिकाणी तुटलंय, सांध्याला आणि फॉलला. तेवढंच दुरुस्त करा. वेणी उसवून आतला गाभा बदलायच्या फंदात अजिबात पडू नका. स्वस्त चाबकात आत बहुधा साधा दोर नाहीतर कातड्याची कात्रणं निघतात, आणि एकदा ताणलेल्या वाद्या उसवल्या की पुन्हा तशा घट्ट बसत नाहीत.

सुरुवात फॉलपासून, कारण फरक तिथे लगेच कळतो. सायन-वांद्रे लिंक रोडला चामड्याची दुकानं आहेत. पूर्ण कातडं घेऊ नका, तुकडा मागा. 'व्हेज टॅन' म्हणजे झाडाच्या सालीने कमावलेलं मागायचं, क्रोमचं (क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं) नको. क्रोमचं मऊ लागतं पण ओढलं की लांबतं. तुकडा पाठीचा असावा, पोटाकडचं चामडं ढिलं असतं. दुकानदाराला सरळ विचारा, सांगतात. साधारण तीन मिलिमीटर जाडीची, २८ इंच लांब वादी कापा: एका टोकाला एक सेंटिमीटर रुंद, दुसऱ्या टोकाला अर्धा. पोलादी पट्टी आणि नवं पातं वापरा, एका ओढीत कापा. कड वाकडी गेली की वादी तिथेच तुटते. रुंद टोकापासून अर्धा इंच सोडून एक चीर द्या, वेणीचा शेंडा तिच्यातून ओवायचा असतो. जुना फॉल सोडण्याआधी त्या गाठीचे मोबाईलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि नवी गाठ हुबेहूब तशीच बांधा. शेंड्याचे पेड सुटू नयेत म्हणून गाठ सोडताना वर दोऱ्याने करकचून बांधून ठेवा.

मग क्रॅकर. हा घरीच करायचा, विकत घ्यायची वस्तू नाही. पॉलिएस्टरचा जाड शिलाईचा दोरा सहा-सात पदरी घ्या, दीड-दोन फूट. एक टोक दाराच्या कडीला अडकवून दुसऱ्या टोकाने कडक पीळ भरा, मग मधोमध दुमडा. दोन्ही बाजू आपोआप एकमेकींवर उलट्या पिळात बसतात. दुमडलेल्या बाजूला फास राहतो तो फॉलला अडकवायचा. दुसऱ्या बाजूला गाठ मारून पुढे इंचभर दोरे मोकळे सोडा, तोच गोंडा. गाठीपर्यंत सहा-आठ इंच पुरे. गोंडा झिजतो, तुटतो, त्याचं कामच ते आहे, म्हणून एका बैठकीत डझनभर करून ठेवा. पतंगाचा मांजा मात्र चुकूनही वापरू नका, काच लावलेला असो वा नायलॉनचा.

सांध्याचं काम वेळखाऊ आहे, घाई करू नका. चांभार वापरतात तो मेणाचा दोरा घ्या. मुठीच्या शेवटच्या दोन इंचांपासून सुरू करून पुढे वेणीवर सहा इंचांपर्यंत एकाला एक लागून घट्ट वेढे द्या. त्यावर दुसरा थर चार इंचांपर्यंत, तिसरा दोनच इंचांपर्यंत. अशाने सांधा मुठीशी ताठ राहतो आणि पुढे हळूहळू लवचिक होतो. यावर पातळ कातड्याची पट्टी रापीने (चांभाराच्या सुरीने) कडा तासून, ओलसर करून गुंडाळा आणि आरीने (चांभाराच्या टोच्याने) भोकं पाडून शिवा. वाळताना ती आवळते. रात्रभर सावलीत ठेवा, पंख्याखाली नको.

रंगाचं आणि वासाचं: जुन्या पांढऱ्या सुती कापडाने कोरडंच पुसत राहा, कापडाला रंग लागायचा थांबेपर्यंत. मग किंचित ओलसर कापडाने एकदा. उन्हात वाळवू नका. सैल वेणीसाठी चाबूक सरळ जमिनीवर ठेवून वर लाकडी पाट दाबून मागेपुढे लाटा. पेड गोल बसतात आणि फटी मिटतात. हे अधूनमधून करत राहायचं.

खोबरेल नको. ते आत मुरून चामडं ढिलं करतं, वेणी आणखी सैल होते, आणि पुढे खवट होतं. मेण असलेलं लेदर ड्रेसिंग (चामड्याला चोळायचं मलम) घ्या, बोटाच्या पेराएवढं, तळहातावर पसरून मुठीकडून शेंड्याकडे चोळा. नवीन असताना एकदा आणि मग चामडं कोरडं वाटेल तेव्हाच. फॉलला जास्त लागतं, कारण तो जमिनीवर आपटतो. बुटाचं पॉलिश लावू नका, ते वरच राहतं.

मेधा_मुलुंड:
काकांच्या उत्तराला थोडी जोड. उतरत्या जाडीचं कारण भौतिकशास्त्रात आहे. हाताने दिलेली ऊर्जा पुढे जाते तसं वस्तुमान कमी होत जातं, म्हणून वेग वाढतो, आणि शेवटी तो आवाजाच्या वेगापलीकडे जातो (हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर). कडाका म्हणजे छोटासा सॉनिक बूमच. २००२ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या गोरिएली आणि मॅकमिलन यांनी गणिताने दाखवलं की हा आवाज टोकाचा नसतो, चाबकावरून धावत जाणाऱ्या वेटोळ्याचा असतो. म्हणून सांधा लुळा असेल तर वेटोळं नीट तयारच होत नाही. जोर लावून उपयोग नाही, खांदा दुखेल फक्त.

गच्ची सोड. सिमेंटवर फॉल आणि गोंडा काही तासांत झिजतात, आणि आवाज इमारतींत घुमतो. समुद्रकिनारा पण नको, रेती पेडांत शिरून वाद्या आतून कापते. गवत किंवा माती असलेलं मैदान, पहाटे, माणसं यायच्या आत. ८ फुटी चाबकाला फॉल, क्रॅकर आणि हात धरून पोहोच १३ फुटांच्या आसपास जाते, तेव्हा चहूबाजूंनी २० फूट मोकळं हवं. गॉगल, टोपी, पूर्ण बाह्या, सुरुवातीला तरी रोज. आणि आजूबाजूला भटकी कुत्री झोपलेली असतील तर जागा बदल. त्या आवाजाने ती भेदरून रस्त्यावर धावतात, मी पाहिलंय.

भांडुपची_नवखी:
काका, मेधाताई, खूप आभार. फॉल बदलला, क्रॅकर केले, आणि काल मैदानावर पहिला खरा कडाका निघाला! सांधा या रविवारी करते. अंकुश, नायलॉनचाही विणणार आहे, पावसाळ्यात सराव थांबवायचा नाही. मग चार महिने चामडी चाबूक ठेवू कसा? कपाटात ओल असते.

साजवाला_काका:
वा ताई! ऐकून बरं वाटलं. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, बुरशी तिथेच लागते. मोठ्या ताटाएवढं सैल वेटोळं करा, चाबूक आपणहून वळतो त्याच बाजूने. जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा, सोबत सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या. खिळ्याला टांगू नका, खिळ्यावरच घडी पडते. दर आठवड्याला बाहेर काढून हाताने वाकवा. पांढरी बुरशी दिसली तर घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडा, मग निम्मं पाणी घातलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापड ओलसर करून पुसा, वाळू द्या, आणि नंतर थोडं ड्रेसिंग. आधी फॉलच्या टोकाला करून बघा, तुमच्या चाबकाचा रंग कच्चा आहे. आणि सांध्याचे वेढे झाले की शिवण्याआधी फोटो टाका, काही राहिलं असेल तर सांगतो.