सल्ला हवा: हाताने काढलेल्या चित्रांचा रंगीत गेम, दोघांनी मिळून खेळायला

सुरुबन:
गणपतीला आम्ही सगळे देवगडला जमतो, यंदा भाचा-भाची दोघंही येतायत. पाऊस असला की पोरांना किनाऱ्यावर सोडता येत नाही आणि घरात नुसते मोबाईल. भाची चित्रं फार सुंदर काढते, म्हणून असा गेम हवाय की जो नुसता बघत बसावंसं वाटेल, भाच्याला उड्या मारायच्या असतात. रक्तबिक्त नको. लॅपटॉप जुना आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, नेटची रेंज फक्त माडीवर. कपहेडचे व्हिडिओ बघितले, वेड लागलं ती चित्रं बघून, तो घेऊ का?

खाजणकाठ:
ताई, कपहेड पोरांना लगेच नका देऊ. चित्रांबद्दल बोलाल तर त्याला तोड नाही. १९३० च्या दशकातल्या कार्टूनसारखं सगळं खरोखर कागदावर पेन्सिलीने काढून, शाईने गिरवून मग कॉम्प्युटरवर रंगवलंय, मागची दृश्यं तर जलरंगात आहेत. कॅनडातल्या दोन भावांनी घरं गहाण ठेवून २०१७ मध्ये गेम पूर्ण केला. पण अवघड इतका की लहान पोरं चिडून उठतील.

तुमच्यासाठी रेमन ओरिजिन्स. २०११ चा आहे, जुन्या मशीनवर आरामात चालतो. माझा सगळ्यात लाडका गेम आहे हा, त्यामुळे जरा लांबण लागेल. रेमन म्हणजे यातला नायक, त्याला हातपाय नाहीत, पंजे नि बूट नुसते अंगाभोवती तरंगतात, तरी तो पळताना, भिंतीवर चढताना, दमून उभा असतानासुद्धा जिवंत वाटतो, कारण प्रत्येक हालचालीत चित्रकाराची मजा दिसते. फ्रान्समधल्या माँपेलिएच्या स्टुडिओने यासाठी युबीआर्ट नावाचं खास सॉफ्टवेअर बनवलं, चित्रकाराने काढलेलं चित्र त्यातून थेट गेममध्ये उतरतं, म्हणून रंगांचा ताजेपणा टिकलाय. एका जगात बर्फात गोठलेली फळं आहेत आणि तिथूनच खाली उतरलं की धगधगतं स्वयंपाकघर! भाचीला हे दाखवाच. लम्स म्हणून छोटे चमकणारे जीव गोळा करायचे, त्यांचा राजा पकडला की थोडा वेळ बाकीचे लाल होतात आणि दुप्पट मोजले जातात, मग पोरं जी धावतात!

आणि दोघं खेळताना एकाला लागलं तर तो फुग्यासारखा फुगून तरंगत राहतो, दुसऱ्याने टपली मारली की परत हजर. म्हणजे कमी येणाऱ्यालाही खेळाबाहेर बसावं लागत नाही. याचसाठी मी तो सुचवतोय, बाकी सुंदर गेम पुष्कळ आहेत.

वेताळटेंब:
रेमनच घेवा. त्याच्या पुढचा रेमन लेजंड्स पण बघा, २०१३ चा. त्यात गाण्याच्या लेव्हल आहेत, भजनात मृदंगाचा ठेका धरावा तशी उडी तालावर पडते. ओरिजिन्समधल्या ४० लेव्हलही त्यात नव्याने दिल्यात. पण लेजंड्सला गेम काढणाऱ्या कंपनीचं ऑनलाइन अकाउंट लागतं, तुमच्या रेंजमध्ये त्रास होईल.

खाजणकाठ:
बरोबर. ओरिजिन्स गॉग (GOG) या गेम विकणाऱ्या वेबसाइटवर मिळतो, इन्स्टॉलर एकदा माडीवर बसून उतरवून ठेवा, नंतर नेट लागत नाही.

आंब्याचीबाग:
भाचीला एकटीला खेळायला ग्रिस द्या. बार्सिलोनाच्या नोमाडा स्टुडिओचा, २०१८ चा. त्यात मरणं नाहीच, सुरुवातीला जग फिकं असतं आणि पुढे एकेक रंग परत येत जातो. चित्र काढणाऱ्या मुलीला ते बघताना काय वाटेल हे मला नीट माहितीय, माझी लेक पूर्ण झाल्यावर लगेच रंगपेटी घेऊन बसली.

सुरुबन:
सगळ्यांचे मनापासून आभार! आधी ओरिजिन्स घेते. एक सांगा, दोघं एकाच कीबोर्डवर खेळू शकतील का?

खाजणकाठ:
एक तरी कंट्रोलर, म्हणजे हातात धरून खेळायचा बटणांचा रिमोट, घ्याच ताई, वायरवाला साधा चालेल. कीबोर्डवर दोघांची बोटं एकमेकांत अडकतात. कंट्रोलर भाच्याकडे द्या, उड्या त्यावर जास्त जमतात.