बायॉस अपडेटनंतर विंडोज सुरूच होत नाही, दुकानात फॉरमॅट करा म्हणतात

अक्षरजुळणी_सांगली:
काल संध्याकाळी विंडोज अपडेटमधून फर्मवेअरचं, म्हणजे बायॉसचं अपडेट आलं. चार्जर लावलेला होता, शंभर टक्के झालं, लॅपटॉप आपोआप रीस्टार्ट झाला. तेव्हापासून कंपनीचा लोगो येतो, ठिपके फिरतात आणि निळी स्क्रीन: 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. मग ऑटोमॅटिक रिपेअर सुरू होतं, तेही हात टेकतं. इंटेल अकराव्या पिढीचा आय-५ आहे. ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (फायली आणि विंडोज जिच्यावर असतं ती डिस्क) मूळची नाही, गेल्या वर्षी बदलून त्यावर विंडोज नव्याने टाकून घेतलं.

दुकानात म्हणाले, एसएसडी गेली असेल, निदान फॉरमॅट तरी करावंच लागेल. त्यात एका दिवाळी अंकाची पानं आहेत हो! पेनड्राइव्हवर जुनी प्रत आहे, पण त्यानंतरच्या मुद्रितशोधनाच्या सगळ्या दुरुस्त्या फक्त लॅपटॉपवर. छापखान्याची तारीख तोंडावर आलीय. फॉरमॅट न करता काही होईल का?

मदरबोर्ड_डोंबिवली:
ताई, फॉरमॅट अजिबात करू देऊ नका. बायॉस म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारं लॅपटॉपचं मूळ सॉफ्टवेअर. ते एसएसडीवर नसतं, मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये असतं. अपडेट तिथे लिहिलं जातं, तुमच्या फायलींना ते हात लावत नाही. पण कधी कधी बायॉसची सेटिंग्ज कारखान्यातून आली तशी होतात आणि सगळा घोळ तिथे होतो.

एसएसडी बदलून विंडोज टाकलं म्हणालात, तिथेच मला शंका आहे. अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये इंटेलचं व्हीएमडी (एसएसडी हाताळणारी एक सोय) मुळात चालू असतं. ते चालू असेल तर विंडोजच्या इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही, म्हणून पुष्कळ जण ते बंद करून विंडोज टाकतात. अपडेटने ते परत चालू केलं असेल, तर विंडोजकडे त्याचा ड्रायव्हर नाही आणि स्वतःचीच डिस्क त्याला सापडत नाही.

लॅपटॉप चालू करताना एफ-२ दाबत राहा (काहींना एफ-१० किंवा डिलीट). प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. मग स्टोरेज किंवा अ‍ॅडव्हान्स्डमध्ये 'व्हीएमडी कंट्रोलर' शोधा, चालू असेल तर बंद करा आणि सेव्ह करून बाहेर पडा. बाकी कशालाही हात लावू नका. फरक पडला नाही तर होतं तसं परत ठेवा.

पुणेरी_पेन्ग्विन:
त्याआधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) की शोधून ठेवा. बायॉसमध्ये बदल झाला की विंडोज ती मागू शकतं. ४८ आकडी असते, मायक्रोसॉफ्ट खात्यात मोबाइलवरूनही दिसते. स्क्रीनवर की आयडी येतो, तो खात्यातल्या आयडीशी जुळवून बघा. एकाच खात्यात दोन-तीन लॅपटॉपच्या की असू शकतात.

अक्षरजुळणी_सांगली:
चालू झाला!! व्हीएमडी 'एनेबल्ड' होतं, बंद केलं. लगेच निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरने की मागितली. माझ्या खात्यात काहीच नव्हतं, धाबं दणाणलं. मग आठवलं, विंडोज टाकलं तेव्हा ह्यांच्या ईमेलने लॉगिन केलं होतं. त्यांच्या खात्यात दोन की होत्या, आयडी जुळली ती टाकली. पानं उघडली, शेवटच्या दुरुस्त्यांसकट. आधी सगळं पेनड्राइव्हवर घेतलं, मग तुम्हाला लिहायला बसले. दोघांचे मनापासून आभार. पुढचं फर्मवेअर अपडेट बंदच ठेवू का?

मदरबोर्ड_डोंबिवली:
वा, फार बरं वाटलं! बंद नका ठेवू, त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. अंक छापायला जाईपर्यंत थांबवा एवढंच. विंडोज अपडेटमध्ये 'पॉज' आहे. काढलेले फोटो जपून ठेवा आणि व्हीएमडी बंद असलेल्या पानाचा एक नवा काढा. पुढच्या अपडेटनंतर अडलंच तर आधी तेच पान बघायचं. बिटलॉकरची की वहीत लिहा, त्याच लॅपटॉपवर ठेवून उपयोग नाही.