पिल्लाला पहिली लस नक्की कधी द्यावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही येळ्ळूरचे. खानापूरच्या मामांनी परवा गावठी कुत्र्याचं पिल्लू दिलं, वय 45 दिवस. जंताचं औषध एकदा पाजलंय. पार्वोची (कुत्र्यांचा जीवघेणा जुलाब-उलट्यांचा रोग) पहिली लस 6 ते 8 आठवड्यांत, मग 16 आठवडे होईपर्यंत दर 3-4 आठवड्यांनी बूस्टर आणि रेबीजची 3 महिन्यांचं झाल्यावर, एवढं माहीत आहे. पण पिल्लू कालपासून पातळ शी करतंय. खेळतंय, दूधभात खातंय. अशात लस टोचावी की पोट बरं होईपर्यंत थांबावं? गेल्या पावसाळ्यात शेजारचं पिल्लू पार्वोनं दोन दिवसांत गेलं, म्हणून जीव धास्तावलाय. गल्लीत मोकाट कुत्री भरपूर, तोवर अंगणात सोडू का? बेळगावात पिल्लांचा चांगला डॉक्टर कुणी सुचवाल का?