मदत हवी आहे: डेप्थ कॅमेऱ्यात साडीतला गुडघा सापडेना
पादचारी सुरक्षेच्या प्रोजेक्टसाठी लोकांची मापं घेतोय, मुख्य म्हणजे जमिनीपासून गुडघा, कारण गाडीचा बंपर आधी पायालाच लागतो. टाइम-ऑफ-फ्लाइट कॅमेरा (प्रकाश जाऊन परत यायला लागलेल्या वेळेवरून प्रत्येक बिंदूचं अंतर, म्हणजे डेप्थ, मोजणारा) 2 मीटरवर स्टँडला, चेसबोर्डच्या चित्राने कॅलिब्रेशन केलंय, 30 फ्रेमचा मीडियन (मधली किंमत) घेतो, चपला काढायला लावतो. उंची मोजायच्या टेपशी 1 सेंमीत जुळते पण साडी किंवा सैल पायजमा असला की गुडघा 4-5 सेंमी वरखाली, स्केलेटन ट्रॅकिंग (सांधे कुठे आहेत ते ओळखणारं सॉफ्टवेअर) नुसता अंदाज ठोकतं, काळ्या कापडावर तर डेप्थच्या चित्रात भोकंच पडतात. चमकणारी चिकटपट्टी लावून बघितली, तिथे डेप्थचं मापच उडालं. बायकांना घट्ट कपडे घालून या म्हणता येत नाही (आणि म्हणूही नये), बॉडी स्कॅनरचं बजेट नाही. मग खुर्चीत बसवून गुडघा मोजला तर उभ्याच्या मापाऐवजी चालेल का, की त्यात काही करेक्शन लागतं?