कान साफ करताना तेल नको

कॉकर स्पॅनियल या लोंबत्या कानांच्या कुत्र्याचे कान साफ करायला खोबरेल तेल घाला, असा सल्ला कुणीतरी दिलाय, तो कृपया पाळू नका. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली जाते, मग आत वळते. लोंबत्या कानामुळे हवा आधीच कमी. तेल वळणात साचून ओल कोंडते आणि यीस्ट (एक प्रकारची बुरशी) फोफावतं. कानकाडीनेही मळ आत ढकलला जातो.

पशुवैद्यकाने दिलेलं इयर क्लीनर नळी भरेपर्यंत ओता, कानाच्या बुडाशी बाहेरून २०-३० सेकंद चोळा, कुत्र्याला डोकं झटकू द्या. वर आलेला मळ बोटाला गुंडाळलेल्या कापसाने टिपा. अंघोळीनंतर कान कोरडे कराच. पूडल जातीच्या कुत्र्याच्या कानातले केस उगाच उपटू नका, त्वचा सुजते.

दुर्गंधी, तपकिरी स्राव किंवा वेदना असतील तर आत काहीच घालू नका. पडदा फाटलेला असू शकतो. आधी डॉक्टरांना दाखवा.