सोशल मीडियावरच्या 'माझ्या रोजच्या आवडीच्या गोष्टी': कामाच्या की नुसता टाइमपास?

खिडकीपाशी (धागाकर्ती)

सोशल मीडियाला शिव्या घालणारे धागे वरचेवर निघतात आणि त्यातले निम्मे मुद्दे मला पटतातही. पण एका कोपऱ्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. लोक आपल्या रोजच्या वापरातल्या आवडत्या गोष्टी सांगतात, तो कोपरा. डावखुऱ्याने कुठलं पेन घेतलं की शाई फासत नाही, रात्री वाचताना दिवा कुठे ठेवला की उजेड डोळ्यांवर येत नाही, चार्जरच्या वायरी कशा बांधल्या, घरातले महत्त्वाचे कागद कसे लावले की हवा तो पटकन सापडतो. असलं सगळं किरकोळ.

हे किरकोळ ज्ञान पूर्वी कुठे लिहिलंच जात नव्हतं. त्यावर पुस्तक काढावं एवढा त्याचा जीव नाही, जाहिरात करावी तर त्यात कुणाचा फायदा नाही. ओळखीत कुणाला माहीत असलं तर मिळायचं, नाहीतर आपण आयुष्यभर शाई फासत बसायचं.

एक उदाहरण देते. विणकाम करणाऱ्यांची रॅव्हलरी ही साइट २००७ पासून आहे. तिथे एखादा नमुना उघडला की तो आधी विणून पाहिलेल्यांच्या नोंदी वाचता येतात. कुणी कुठली लोकर घेतली, किती लागली, बाही लांब होत होती म्हणून कुठे टाके कमी केले. मूळ सूचनांपेक्षा मला या नोंदीच जास्त कामाच्या वाटतात, कारण त्यात कुठे बिघडतं तेही असतं.

तुमच्याकडे असं काय आलंय जे अजून वापरात आहे? ज्यांना हे सगळं थोतांड वाटतं त्यांनीही यावं. काडी टाकून पळणार नाही, उत्तरं देईन.

बेरीजवजाबाकी

आलोच.

रॅव्हलरी दाखवून सोशल मीडियाची बाजू मांडणं म्हणजे वाचनालय दाखवून बाजाराची तारीफ करणं. विणकामाच्या साइटवर माणूस काम घेऊन जातो आणि काम झालं की उठतो. ज्याला आपण एरवी सोशल मीडिया म्हणतो तिथे उठायची सोयच काढून टाकली आहे. खाली सरकवत राहा, पान संपतच नाही, ही युक्ती २००६ मध्ये एझा रॅस्किन या डिझायनरने काढली, आणि पुढे त्यानेच तिच्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. तुमचा तो पेनवाला पोस्ट बघायला गेलेला माणूस पेन बघून बाहेर येत नाही हो.

दुसरं, 'जाहिरातीत कुणाचा फायदा नाही' हे तर अजिबात पटलं नाही. आपल्या लिंकवरून कुणी खरेदी केली की आपल्याला कमिशन, हा प्रकार ॲमेझॉनने १९९६ मध्येच सुरू केला होता. आता 'माझ्या आवडीच्या दहा गोष्टी' अशी यादी दिसली की मी आधी खाली लिंक किती आहेत ते मोजतो. दहाला दहा निघाल्या तर ती आवड नाही, ते दुकान आहे.

तिसरं म्हणजे तुलना. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलं होतं की स्वतःला जोखायला पक्की मोजपट्टी नसेल तेव्हा माणूस इतरांशी ताडून बघतो. तेव्हा हे इतर म्हणजे ओळखीतले चार जण होते. आता जगभरातली आवरलेली टेबलं, आणि त्यातली बरीचशी फोटोपुरती आवरलेली.

मधली_सुट्टी

+१ बेरीजवजाबाकी. टेबल आवरण्याचे व्हिडिओ बघत माझं टेबल कित्येक महिने तसंच पडलंय.

तळ_दिसेपर्यंत

बेरीजवजाबाकींचा दुकानाचा मुद्दा बरोबर आहे, पण त्याला उत्तरही तिथेच तयार झालंय. सौंदर्यप्रसाधनांच्या ग्रुपांमध्ये 'प्रोजेक्ट पॅन' नावाचा प्रकार चालतो. नवीन काही घ्यायचं नाही, आहे ती डबी तळ दिसेपर्यंत वापरायची आणि मधूनमधून फोटो टाकायचे. तळाचा पत्रा दिसायला लागला की बाकीचे अभिनंदन करतात. २०२३ च्या सुरुवातीला टिकटॉकवर तर 'हे घेऊ नका' असं सांगणाऱ्या व्हिडिओंची लाटच आली होती.

(त्या लाटेतही काही जण 'हे घेऊ नका, त्यापेक्षा ते घ्या' म्हणत लिंक देतच होते. माणूस कुठेही गेला तरी माणूसच.)

मला स्वतःला वर्षानुवर्षं वापरून झिजलेल्या वस्तूंचे फोटो बघायला आवडतात. झिजलेल्या वस्तूबद्दल सहसा कुणी खोटं बोलत नाही.

खिडकीपाशी

@बेरीजवजाबाकी, दहाला दहा लिंकवाली कसोटी ढापली आहे, आभार.

पण रॅव्हलरीला वेगळं काढायची पळवाट देणार नाही. अनोळखी माणसं, प्रत्येकाचं पान, फोटो, खाली टिप्पण्या, आवडलं तर बदाम. सोशल मीडियाला आणखी काय लागतं? अखंड सरकणारं पान हे त्यातलं व्यसन आहे, गाभा नव्हे. आणि ज्या मंचांवर ते पान आहे तिथेही याच प्रकारचे ग्रुप जोरात चालतात.

शेवटचा_बाक

वाद चालू द्या, मी एक वापरातली गोष्ट देतो. बुटाची नाडी सारखी सुटत असेल तर बहुतेक वेळा गाठ उलटी पडत असते. दोन फेरे असतात ना, पहिला साध्या गाठीचा आणि दुसरा फासाचा, ते दोन्ही एकाच दिशेने गेले की गाठ तिरकी होते आणि चालताना ढिली पडते. पहिला फेरा उलट दिशेने घ्या, बाकी सगळं नेहमीसारखं. बरोबर जमलं की फास बुटाला आडवे बसतात. चुकलं की बोटांकडून घोट्याकडे उभे होतात.

टेरी मूर नावाच्या माणसाचं यावर २००५ मधलं जेमतेम तीन मिनिटांचं टेड भाषण आहे. ते कुणीतरी शेअर केलं म्हणून मला कळलं. पुढे २०१७ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अभियंत्यांनी नाडी का सुटते याचा रीतसर अभ्यास छापला. पाऊल आपटताना गाठ सैल होते आणि पाय झुलताना मोकळी टोकं ती ओढून काढतात. तिरकी गाठ लवकर हार मानते हेही त्यात आहे.

मधली_सुट्टी

थांबा, बूट घालून येतो.

सांधे_बोलतात

मी एरवी वाचनमात्र असते, पण या विषयावर गप्प बसवलं नाही.

मला संधिवात आहे. सकाळी बोटं वळत नाहीत. डॉक्टर चांगले आहेत, औषधं नीट समजावतात, पण शर्टाचं बटण कसं लावायचं हे तपासणीच्या खोलीत कुणी सांगत नाही. तो त्यांचा दोष नाही, तेवढा वेळच नसतो. बटण लावायचा हूक मिळतो, मुठीला तारेचा एक फासा असतो, तो काजातून घालून बटण ओढून घ्यायचं. मला तो असाच त्रास असलेल्या लोकांच्या ग्रुपमध्ये कळला. झिपच्या टोकाला किल्ल्यांची रिंग अडकवायची. दात घासायच्या ब्रशला आणि पेनाला फोमची नळी चढवायची, पकड जाड झाली की बोटं कमी आवळावी लागतात. झाकण फिरवायला रबराचं पातळ कापड. साध्या नाड्यांऐवजी ताणणाऱ्या नाड्या, म्हणजे शेवटचा_बाक यांची गाठ मारायची वेळच येत नाही. :)

यातली प्रत्येक गोष्ट कुणातरी अनोळखी माणसाची 'रोजची आवडती वस्तू' होती. घरच्यांचं प्रेम खूप आहे, पण त्यांची बोटं चालतात. त्यांना सुचणार कसं?

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा निबंध आहे. नोकरीची बातमी जवळच्या मित्रांपेक्षा पुसट ओळखीच्या माणसांकडून का येते, याचं उत्तर त्यात आहे: जवळच्यांना बहुधा तेच माहीत असतं जे आपल्याला आधीच माहीत आहे. २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी लोकांच्या माहितीवरून हे पुन्हा तपासलं गेलं आणि नोकरी बदलताना पुसट ओळखी खरंच जास्त उपयोगी पडतात असं दिसलं. माझ्या बटणाचंही तेच झालं.

शंकेखोर

सांधे_बोलतात, मनापासून लिहिलंय तुम्ही. तरीही वाईटपणा घेतो.

ज्या वाटेने तुमचा हूक आला त्याच वाटेने 'हा काढा घ्या, गोळ्या बंद करा' हेही येतं. त्याच ग्रुपमध्ये, त्याच आपुलकीने, बऱ्याचदा त्याच माणसाकडून. अनोळखी माणसावर विश्वास ठेवायची सवय एकदा लागली की ती हुकापाशी थांबत नाही. तुम्ही सावध असाल. ग्रुपमध्ये नुकताच आलेला, घाबरलेला माणूस सावध नसतो.

सांधे_बोलतात

खरं आहे. काढेवाले आमच्याकडेही येतात, आणि ॲडमिन जागा असेल तरच पोस्ट उडते. पण माझी स्वतःची रेघ सोपी आहे. हूक चालतो की नाही हे मला लगेच कळतं, नाही चालला तर खणात पडतो. गोळी बंद करून बघण्याचं तसं नाही. सांध्याची झीज आतून होत राहते, कळते फार उशिरा, आणि झालेली भरून येत नाही. म्हणून वस्तूंबद्दल ग्रुपचं ऐकायचं, औषधाबद्दल डॉक्टरांचंच.

खिडकीपाशी

मला सकाळपासून जे नीट मांडता येत नव्हतं ते हेच. चुकलं तर फार बिघडत नाही आणि बरोबर की चूक ते आपलं आपल्याला लगेच कळतं, अशा गोष्टींपुरता सोशल मीडिया बिनधास्त वापरावा. पेन, दिवा, नाडी, हूक सगळं त्यात बसतं. गुंतवणूक, औषध, कुणाच्या चारित्र्याबद्दलच्या बातम्या यातलं काहीच बसत नाही. रोजच्या आवडीच्या गोष्टींचा कोपरा निरोगी राहिला तो तिथली माणसं जास्त भली म्हणून नव्हे. तिथे थाप फार काळ टिकत नाही म्हणून.

बेरीजवजाबाकी

कसोटी चांगली आहे, पण अपुरी. हूक चालला की नाही हे कळतं. तो सापडेपर्यंत जो तासभर गेला आणि वाटेत जी दीडशे आवरलेली घरं दिसली, त्यांनी काय केलं हे कळत नाही. हेवा लगेच दिसत नाही, तुमच्या सांध्यासारखाच आतून काम करतो.

आणि यावर प्रयोग झालाय. अमेरिकेत २०१८ च्या निवडणुकीआधी काही संशोधकांनी फेसबुक वापरणाऱ्या काही जणांना पैसे देऊन चार आठवडे खातं बंद ठेवायला लावलं, बाकीच्यांचं चालू ठेवलं. बंद ठेवणाऱ्यांचा दिवसाला सरासरी एक तास वाचला आणि स्वतःच्या सांगण्यानुसार ते थोडे जास्त समाधानी होते. प्रयोग संपल्यावरही त्यांचा वापर आधीपेक्षा कमीच राहिला.

तळ_दिसेपर्यंत

त्या 'थोडे'वर जोर द्या ना. फरक लहान होता, आणि त्याच प्रयोगात त्या लोकांना बातम्या कमी कळायला लागल्या हेही निघालं. शिवाय २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलामुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येणारा वाटा फार तर ०.४ टक्के निघाला.

शंकेखोर

सरासरी. ज्या एका मुलीचं जेवण तुटलं ती सरासरीत दिसत नाही.

तळ_दिसेपर्यंत

मान्य. पण मग जिला त्याच फोनवर बटणाचा हूक सापडला तीही सरासरीत दिसत नाही. दोघींसाठी एकच आकडा काढून काय मिळवणार?

मधली_सुट्टी

फास आडवे बसले! जिना दोनदा चढउतर करून आलो, अजून सुटली नाही. मी उलटी गाठ मारत होतो, आणि बायको शेजारी उभी राहून हसतेय कारण तिची लहानपणापासून सुलटीच आहे. घरातच माहिती होती म्हणायची, विचारलं मात्र कधी नाही.

बेरीजवजाबाकी

@मधली_सुट्टी, हा माझ्या बाजूचा पुरावा धरतो. :)

@खिडकीपाशी, माझ्या दोन अटी. एक, कमिशन मिळत असेल तर पहिल्या ओळीत लिहा, शेवटच्या हॅशटॅगांच्या ढिगात नको. दोन, वस्तू किती दिवस वापरली ते सांगा. कालच आलेली वस्तू 'आवडती' कशी होते ते मला अजून कळलेलं नाही. एवढं पाळणारा ग्रुप कुठे असेल तर मी येतो. लाइकचा आकडा मात्र लपवून ठेवेन, इन्स्टाग्रामने २०२१ मध्ये ती सोय दिली आहे आणि ती वापरणारा मला अजून भेटलेला नाही.

खिडकीपाशी

दोन्ही अटी मंजूर. तिसरी माझी: काय बिघडलं तेही लिहायचं. वेगळा धागा काढते, पहिली नोंद सांधे_बोलतात यांनी करावी. फोमची नळी किती जाडीची घेता आणि ओली झाली की निसटते का, हे माझ्या आईसाठी विचारायचंच होतं.

सांधे_बोलतात

ब्रशची निसटते. पेनाची नाही. बाकीचं तिकडे लिहिते.