टोकियो ते लॉस एंजेलिस: जाताना दहा तास, येताना बारा तास का?

प्रश्न:
जानेवारीत टोकियोहून लॉस एंजेलिसला जाऊन परत यायचे आहे. दोन्ही शहरांमधले हवाई अंतर सुमारे ८,८०० किलोमीटर आहे आणि विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला, तर पावणेदहा तास पुरायला हवेत. तिकिटावर मात्र जाण्याचे दहा आणि येण्याचे बारा तास दाखवले आहेत. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे पूर्वेकडे, लॉस एंजेलिसला जातानाच जास्त वेळ लागायला नको का? शिवाय संध्याकाळी पाचला निघून त्याच दिवशी सकाळी दहाला पोहोचण्याची वेळ छापली आहे. ही चूक समजावी का?

प्रतिसाद १:
पृथ्वीचे फिरणे हिशेबात धरू नका, कारण वातावरणही तिच्याबरोबरच फिरते. फरक पडतो तो वाऱ्यामुळे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर, नेमक्या विमानांच्याच पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा वेगवान झोत वाहत असतो आणि हिवाळ्यात जपानजवळ त्याला विशेष जोर असतो. विमानाचा ९००चा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेतला आहे, जमिनीच्या नव्हे. वाटेत सरासरी १०० किलोमीटरचा वारा पाठीशी असेल, तर ८ तास ४८ मिनिटे लागतील. तोच समोरून आला, तर ११ तास. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा वेळ तिकिटावर असतो, म्हणून धावपट्टीपर्यंतची रखडपट्टी आणि चढ-उतार यांचा तासभर त्यात मिळवा, बेरीज जुळेल. जाताना आसनासमोरच्या पडद्यावरचा वेग पाहत राहा, तो हजाराच्या पुढे गेलेला दिसेल.

प्रतिसाद २:
अंतराबद्दल थोडी भर घालतो. दोन्ही शहरे जवळपास एकाच अक्षांशावर असल्यामुळे नकाशावर सरळ आडवी रेघ ओढावीशी वाटते, पण त्या रेघेने गेल्यास सुमारे ९,३०० किलोमीटर पडतात. तुम्ही दिलेले अंतर गोलावरच्या सर्वांत जवळच्या मार्गाचे आहे, आणि तो मार्ग उत्तरेकडे वाकून ४८ अंशांपर्यंत जातो. प्रत्यक्षात तोही तंतोतंत पाळला जात नाही. जाताना वारा मिळावा म्हणून बरेचदा दक्षिणेकडचा, तर येताना वारा चुकवण्यासाठी उत्तरेकडच्या अल्यूशन बेटांजवळचा मार्ग घेतात. (या वाऱ्याचे मोजमाप १९२०च्या दशकात जपानमध्येच वासाबुरो ओइशी या हवामानशास्त्रज्ञांनी फुगे सोडून केले होते. निष्कर्ष एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत प्रसिद्ध केल्यामुळे बाहेर त्यांची फारशी दखल घेतली गेली नाही.)

प्रतिसाद ३:
पोहोचण्याची वेळ बरोबर आहे. जानेवारीत लॉस एंजेलिसचे घड्याळ टोकियोच्या १७ तास मागे असते. पाचला निघून दहा तासांनी टोकियोत पहाटेचे तीन वाजलेले असतील. त्यातून १७ तास वजा केले, की त्याच तारखेची सकाळ येते. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडल्यामुळे असे होते. मात्र परतताना सोमवारी दुपारी एकला निघालात, तर टोकियोत मंगळवारी संध्याकाळी सहाला उतराल. पुढचे आरक्षण मंगळवारचे करा. सोमवारचे करून बसलेले लोक मी पाहिले आहेत.